वाकड्या हँडलवरचे गिअर

कर्नाटकात, तलकाडच्या रस्त्यावर चहाला थांबलो होतो. साठीतल्या एक बाई सायकल उलटी ठेवून गिअरची तार ताणत होत्या. मी फोनवर मराठीत बोलतोय हे ऐकून म्हणाल्या, "हे चाक जरा धरा की."

तार ताणता ताणता त्यांनी सांगितलं. त्यांचं उजवं मनगट मागे मोडलं होतं, ते पुन्हा नीट वळलंच नाही. सायकलचे गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, आणि ते बदलायला हँडलची मूठ पिळावी लागे. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा. बाईंनी मूठ सोडली. खाली वळलेलं रेसिंग हँडल बसवून त्यावर बोटांनी दाबायचे गिअरचे खटके लावले. पण त्या खटक्यांनी तार हबला हवी तेवढी ओढली जाईना, म्हणून मध्ये छोटी कप्पी घातली. तिचं माप जमवण्यात अख्खा उन्हाळा गेला.

"नवी सायकलच घ्यायची ना," मी म्हटलं.

"सायकल नवी मिळते, अल्वा, नाही का? मनगट कुठे मिळतं? म्हणून ह्यालाच विचारलं, बाबा, तुला काय जमतं?"

तार बसली. समोरच्या चढावर त्यांनी दोन बोटांनी खटका दाबला आणि सीटवरून न उठता वर गेल्या. मला वाटलं, निघाल्या. पण त्या वळल्या, हसत खाली आल्या आणि पुन्हा चढू लागल्या.