मृग कोरडा गेला त्या साली

बोरीहून आलेल्या माणसानं उंबऱ्यातच सांगितलं, "आण्णा गेले." मला रडू नंतर आलं, आधी रागच आला. माझा थोरला भाऊ, अन् एका शब्दासाठी मला सात-आठ वर्षं ताटकळत ठेवून खुशाल निघून गेला!

बोरीला आण्णाची मोसंबीची बाग होती. मोसंबीला ताण देतात, म्हणजे उन्हाळ्यात दीडेक महिना पाणी तोडतात. झाड सुकत येतं आणि मृगाचा पाऊस पडला की फुलांनी भरून जातं. यात आण्णाचा हात धरणारा कोणी नव्हता, अन् मिजाशीतही नव्हता. पोलिस अ‍ॅक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, त्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. आदला पावसाळा बेताचाच झालेला, विहीर पार तळाला गेलेली. तरी यानं दरसालासारखं पाणी तोडलंच. पानं मिटायला लागली...

"आण्णा, विहीर आटायलीय. यंदा फळ नसू दे, पण आत्ताच पाणी सोड," मी कळवळून म्हणाले.

"तुला काय कळतंय गं कौसे? तान पुरा बसल्याबिगर बहार येत न्हाई."

दुपारी तो पडला की मी धुण्याभांड्याचं पाणी बांधाकडच्या एका झाडाला घालू लागले. एकदा सापडलेच. त्यानं लाथेनं घागर उलटी केली. "लाड करायलीस! ह्याला फूल येनार न्हाई."

"नको येऊ दे. जगेल तरी!"

मृग कोरडा गेला. आण्णानं घाबरून मोट जुंपली, तर नुसता गाळ वर आला. सगळी बाग वाळून गेली, ते एक झाड तेवढं राहिलं. वहिनी धाय मोकलून रडली. आण्णा भाऊबीजेला माझ्या घरी परभणीला आला, जेवला, ओवाळणी घातली, बागेबद्दल अवाक्षर नाही. मला काही त्याचं नाक कापायचं नव्हतं हो! "कौसे, चुकलं माझं," एवढं एकदा म्हणाला असता तरी भरून पावले असते. त्यानं पुन्हा बाग लावली, पुन्हा ताण देऊ लागला, तोच तोरा. मी विषय काढला की "तुला काय कळतंय" ठरलेलं. शेवटी मी त्या बागेत पाय ठेवणंच सोडलं.

तेराव्यानंतर वहिनीनंच ओढून नेलं. ऐन उन्हाळा, ताण चालू, सगळी झाडं मलूल. बांधाकडचं मात्र टवटवीत, बुंध्याशी ओल.

"याला पाणी कुणी घातलं?"

"मीच. त्यायची सवय मोडवना, वन्सं. ह्याला त्यायनी कवाच तान देला न्हाई. दुसऱ्या कुनाला हात लावू देत नव्हते, खाटंवर पडेपर्यंत सोता घागर आनायचे. कौसीचं झाड हाय म्हनायचे. फळ लय थोडं येतंय..."

माझा असा संताप झाला! "अरे, दर भाऊबीजेला माझ्यासमोर पाटावर बसत होतास, तेव्हा काय तोंडाला कुलूप होतं?" मी त्या उन्हात मोठ्यानं ओरडले. वहिनीला वाटलं, मला शोक आवरेना. शोक होताच. पण खरं सांगते, मी भांडत होते, अन् जन्मात पहिल्यांदाच आण्णा उलटून बोलला नाही.