प्रॅक्टिकल आधी, मॅच नंतर

नगरच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी क्रीडाशिक्षिका म्हणून रुजू झाले, तिथं प्रवेश मिळाला की घरचे गावभर पेढे वाटतात. मैदान होतं, पण त्यावर प्राध्यापकांच्या गाड्या उभ्या असायच्या. मुलींच्या फुटबॉल संघासाठी मी नोटीस लावली, तेव्हा बारा जणी आल्या. त्यातल्या दोघी चपला घालून.

पारनेरची एक मुलगी मेकॅनिकलला होती. बोलणं कमी, पण ती सांगेल ते बाकीच्या ऐकायच्या. तिला मी कर्णधार केलं. गोलकीपर काष्टीची. तिनं आयुष्यात फुटबॉलला हात लावला नव्हता, पण बाजारच्या दिवशी आईच्या दुकानासाठी टेम्पोतून फेकलेले कोबीचे गड्डे झेलायची. "बॉल तर लई हलका हाय मॅडम," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

पहिल्या स्पर्धेत आम्ही सहा गोलांनी हरलो. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. माणूस भला होता, पण कॉलेजचं नाव हरलेल्यांच्या यादीत बघायची त्यांना सवय नव्हती.

"बाहेरच्या चार मुली आहेत, राज्य पातळीवर खेळलेल्या," ते म्हणाले. "आपल्या दुसऱ्या एका अभ्यासक्रमाला घेऊ. प्रवेशाचं मी बघतो."

"त्या वर्गात बसतील का सर?"

"त्यांना बसायचं कशाला?"

मग मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. आमच्या घरी फुटबॉल लहानपणापासून. रविवारी प्रार्थना झाली की चर्चमागच्या मैदानात भावांबरोबर मी खेळायचे. पुढं एका कॉलेजानं मला खेळासाठीच घेतलं. दोन वर्षांत माझा वर्ग कुठं भरतो हे मला कुणी विचारलं नाही, मीही नाही. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला. त्यानंतर त्या इमारतीत मला ओळखणारं एक माणूस राहिलं नाही. पदवी मी नंतर बाहेरून, नोकरी करत पूर्ण केली.

प्राचार्यांनी समोरचे त्या चार मुलींचे कागद बाजूला ठेवले. मग म्हणाले, "एक वर्ष देतो तुम्हाला."

आमच्या मुली पळण्यात कमी पडायच्या, दमायच्या लवकर. पण त्यांना एकदा समजावलं की विसरत नव्हत्या. रोज सकाळी सहा ते सात सराव, आठला लेक्चर. मी त्यांना समोरच्या संघाच्या मॅच बघायला न्यायचे. वहीत त्या मैदान काढायच्या, कुणाचा पास कुठं जातो ते बाणांनी दाखवायच्या. तीन महिन्यांत कुठं उभं राहायचं हे त्यांना माझ्याइतकं कळू लागलं. जिथं चेंडू येणार तिथं आमची मुलगी आधीच असायची.

त्या वर्षी आम्ही उपांत्य फेरीत पोचलो, आणि सामन्याच्याच दिवशी, त्याच वेळेला, कर्णधाराची प्रॅक्टिकल परीक्षा लागली. परीक्षक बाहेरगावहून येणार होते. वेळ बदलणं शक्य नव्हतं.

"मी प्रॅक्टिकल सोडते," ती म्हणाली. "पुढच्या सत्रात देईन."

"नाही. तू परीक्षा दे."

"तुम्हाला जिंकायचं नाही का मॅडम?"

"जिंकायचंय. पण त्यासाठी तुझी परीक्षा नाही बुडवणार मी."

ती रागानं निघून गेली. राखीव खेळाडूंमध्ये मी तिचं नाव मात्र घातलं. रात्रभर मला वाटत होतं की आपण आपल्या गुडघ्याचा हिशेब तिच्याकडून वसूल करतोय. पण सकाळी मैदानावर उभी राहिले तेव्हा शंका उरली नव्हती.

मध्यंतराला आम्ही एका गोलानं मागं होतो. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर थोड्या वेळानं ती मैत्रिणीच्या स्कूटीवर आली. अंगात वर्कशॉपचा ॲप्रन, हाताला ग्रीस.

"कसं गेलं?" मी विचारलं.

"चांगलं गेलं. दिलेले सगळे जॉब कापून-घासून वेळेआधी पूर्ण केले," ती म्हणाली आणि ॲप्रन माझ्या हातात देऊन बूट बांधायला बसली.

शेवटच्या पाच मिनिटांत तिच्या पासवर आमचा बरोबरीचा गोल झाला. पेनल्टीत काष्टीच्या मुलीनं दोन अडवल्या आणि आम्ही जिंकलो. अंतिम सामना मात्र हरलो, एका गोलानं. बसमध्ये मुली रडल्या नाहीत. कुठं चुकलं यावर नगर येईपर्यंत भांडल्या.

पुढच्या जूनमध्ये नेवाशाकडचे एक शेतकरी मुलीला घेऊन प्रवेशाच्या दिवशी थेट माझ्याकडं आले. मुलगी गुणवत्ता यादीत वर होती आणि शाळेत फुटबॉल खेळलेली.

"तुमच्याकडं परीक्षा बुडवून खेळवत न्हाईत, असं ऐकलं. खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हणाले.

"मग खेळू द्या तिला."

मी तिला सरावाची वेळ सांगितली आणि बूट कितव्या नंबरचे लागतात ते विचारलं.