आधी पाय धुऊन या

ये गं, अशी जवळ बस. दारातूनच निरोप सांगून पळायची काय सवय लागली तुला? मावशी म्हणतेस ना मला? मग टेक जरा. यंदाच्या पवित्र गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्या दिवशी, तुमच्या मंडळाला बारा गरीब बायका हव्यात, पाय धुवायला. त्या मी आपल्या चौक गावातून आणायच्या. ऐकलं. आता माझं ऐक.

अशाच एका गुरुवारी मीही बसले होते त्या रांगेत. तू तेव्हा शाळेत होतीस. शहरात, इंद्रलोक भागातल्या एका सोसायटीचा हॉल. बारा खुर्च्या, चकचकीत घंगाळ, गुलाबपाणी. आणि आम्ही बायका मागच्या नळावर, हातात तारेची घासणी. भांडी घासायची गं! मंडळाच्या बाई नाकाला रुमाल लावून उभ्या.

"आंटी, आधी पाय धुऊन या. टाचा नीट घासा, फोटोत येतात."

पाय धुवायला बोलावलं होतं. आणि आधी पाय धुऊन या.

मी घासले. जन्मभर बोंबील वाळत घातलेत, खाऱ्या चिखलात उभी राहिलेय. टाचांना भेगा. रक्त आलं. तरी घासत राहिले, कारण बाई बघत होत्या. लाज वाटत होती. माझ्याच पायांची.

बाजूला आग्नेस. माझी शेजारीण, एकटी बाई, शुगर होती तिला. तिने उजव्या पायाचं फडकं सोडलं आणि वास आला. मासळीचा नव्हे. मासळीचा वास मला कळतो. करंगळी काळी पडलेली, जळक्या लाकडासारखी.

"आग्नेस, ह्ये काय गो?"

"दुखत न्हाय गो," ती हसली. "आधी लय दुखायचं. आता कायपन कळत न्हाय. बरंच हाय."



बाईंनीही पाहिलं. वाकून पाहिलं. मग मागे सरकल्या आणि दुसरीला म्हणाल्या, "इनको मत बिठाओ, रिप्लेस करो." आग्नेसला चपलांच्या रॅकपाशी बसवलं, हातात बिर्याणीचं पाकीट दिलं. डॉक्टर हा शब्द त्या हॉलात कुणी काढला नाही.

गाणं सुरू झालं. एकेकीच्या पायावर पाणी, फ्लॅश, पुढची. घंगाळ माझ्याकडे सरकत होतं आणि मला दिसत होती फक्त आग्नेस. ती भात खात होती. त्या बोटावर माशी बसली होती. तिला कळतच नव्हतं.

बाई माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. माझा पाय धरला. मी ओढून घेतला.

"आंटी, हिलना नहीं."

"आपल्या शिष्याला, पेत्राला, प्रभू म्हणाला होता का, आधी टाचा घासून ये?" मी विचारलं. "तिकडचा पाय धुवा. चपलांपाशी ठेवलाय तुम्ही तो."

गाणं थांबलं. बाई कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. "जरा इमोशनल झाल्यात."

मी उठले. तशीच अनवाणी बाहेर गेले, रिक्षा थांबवली, आग्नेसला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिडले. "अहो, हे कुणीच पाहिलं नाही?"

"सगळ्यांनी पाहिलं," मी म्हटलं.

गुडघ्याखाली पाय कापला. पुढच्या नाताळाआधी आग्नेसही गेली. मयतीला मंडळाकडून हार आला. सगळ्यांत मोठा.

तेव्हापासून मी त्या रांगेत बसले नाही. बसणार नाही, कुणाला बसवणारही नाही. घमेलं घेऊन मीच घरोघर फिरते. शुगरवाल्यांचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्या बघते. जखम दिसली की रिक्षा. गाणं नाही, फोटो नाही. पाय जसा असेल तसा हातात घेते.

तुमच्या मंडळाला सेवाच करायचीय ना? मग माणसं द्या. दवाखान्याच्या खिडकीपाशी ताटकळणारी, रोज पट्टी बदलणारी. गाडी असेल तर गाडी द्या. बारा बायका मिळणार नाहीत. सांग त्यांना, मावशी नाही म्हणाली. असंच सांग, गोड करून नको.

आणि थांब, उठू नकोस अजून. पलीकडच्या घरातली तेरेजा परवापासून पायाला फडकं बांधून फिरतेय. सोडून दाखवत नाही. काल विचारलं, तर म्हणते, "दुखत न्हाय गो."

उद्या सकाळी तिला नेणार आहे. ओढत न्यावी लागली तरी नेणार. एका बाजूने मी धरेन, दुसऱ्या बाजूला माणूस हवं. तू ये. लवकर ये, पाय धुवत बसू नकोस.