शेळ्यांनी आज माझी मेथी सोडली

मंडळी, हात दोनदा धुतले तरी वास जात नाहीये, पण हे आत्ताच सांगायचंय.

इंग्लंडमध्ये मेडनहेडजवळ आमचा अलॉटमेंटचा प्लॉट आहे, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा. शेजारच्या कुरणात जीन आजींच्या दोन शेळ्या असतात. कुंपण कितीही दुरुस्त करा, त्या घुसतात आणि सगळ्यांच्या भाज्या फस्त करतात. अलॉटमेंटच्या कमिटीने आजींना बजावलं होतं, पुन्हा नुकसान झालं तर शेळ्या देऊन टाकाव्या लागतील.

परवा आजी सहज म्हणाल्या, "फार नखरेल आहेत. स्वतःच्या लेंड्या पडलेल्या गवताला तोंडसुद्धा लावत नाहीत."

माझी ट्यूब पेटली. काल त्यांच्याकडून बादलीभर लेंड्या आणून पाण्यात कालवल्या आणि कुंपणालगतच्या केलच्या, म्हणजे कोबीच्या जातीतल्या पालेभाजीच्या, रांगेवर ते पाणी शिंपडलं. ती रांग आपण खाणार नाही, हे नवऱ्याला चारदा सांगावं लागलं. तरी तो म्हणालाच, "आता कमिटी आपल्यालाच हाकलेल बघ."

आज सकाळी शेळ्या आल्या. पहिलीने केल हुंगला, शिंकली आणि सरळ माघारी वळली. दुसरी तिच्या मागोमाग गेली. आतली मेथी जशीच्या तशी राहिली.

जीन आजी माझ्या बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी माझा अजून वास मारणारा हात घट्ट धरला. "म्हणजे आता त्यांना कुठे पाठवावं लागणार नाही ना?"

इथल्या पावसात हे पुन्हा पुन्हा शिंपडावं लागणार, पण मी आनंदाने शिंपडेन. तुमच्या भाजीवर कोण ताव मारतं, आणि त्यांना कुठला वास नकोसा होतो?