एक वाटी उचलून

माझी मुलगी वेगवान गाड्यांच्या कारखान्यात काम करते. काय काम करते असं कोणी विचारलं की मी 'इंजिनिअर आहे' एवढंच सांगते आणि विषय बदलते, कारण पुढचा प्रश्न मला झेपत नाही. ती स्वतः म्हणते, "मी धुराचा रस्ता बघते." इंजिनापासून मागच्या नळकांड्यापर्यंत जो पाइप गाडीच्या पोटाखालून जातो, त्यातून आवाज कसा बाहेर पडावा हे ठरवणं तिच्याकडे आहे. होतं, असं म्हणायला हवं. जिभेला अजून सवय झालेली नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी तिच्याच कारखान्याची गाडी घेतली आणि आठवडा उलटायच्या आत तिला जिन्यात गाठलं.

"अहो, पळते वाऱ्यासारखी, कबूल. पण आवाज? माझ्या दात कोरायच्या यंत्राचा दरारा याहून जास्त आहे. पेशंट पळून जातात!"

"मग त्यांच्या मागे लागायला गाडी बरी आहे की."

डॉक्टर हसले, पण हटले नाहीत. एवढी ताकदीची गाडी आणि आवाज मिक्सरचा, हे का, ते त्यांना कळायलाच हवं होतं. मग ती पायरीवर बसली आणि पिशवी मांडीवर घेऊन समजावू लागली. वरच्या मजल्यावर कठड्याशी उभी राहून मी ऐकत होते.

"पूर्वी इंजिनाचा श्वास थेट पाइपात यायचा. आता वाटेत आधी टर्बो असतो. म्हणजे पंखाच समजा. तो त्याच श्वासावर फिरतो आणि इंजिनात जास्त हवा कोंबतो. लहान इंजिनाला मोठी ताकद येते ती तिथून. पण श्वासातले जे धक्के, ज्यांचा आवाज होतो, ते पंखाच खाऊन टाकतो. मग धूर स्वच्छ करणारा डबा. मग काजळी अडवणारी जाळी, चाळणीपेक्षा बारीक. एवढ्यातून उरलंसुरलं माझ्याकडे येतं. आणि माझ्यापुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात मीटरवर माइक लावून माणसं बसलेली. गाडी मधून जोरात न्यायची. आकडा नियमाच्या वर गेला की नापास."

"म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर उशी दाबायची."

"एक नाही, तीन. आणि मग लोक मला जिन्यात गाठून विचारतात, आज आवाज का बसलाय?"

डॉक्टरांचं समाधान झालं. ती त्यांच्याकडे मान जरा वळवून, उजवा गाल पुढे करून बोलत होती. ते मी पाहिलं आणि दमली असेल म्हणून सोडून दिलं.

लहानपणी तिच्या बाबांनी तिला 'कानसेन' नाव ठेवलं होतं. फ्रीज बंद पडायच्या आदल्या आठवड्यात ती सांगायची की हा वेगळाच गुरगुरतोय. गल्लीत वळलेली मोटारसायकल कोणाची, ते खिडकीत न जाता सांगायची. आम्हाला कौतुक वाटायचं. कान हे पोट भरायचं साधन होईल असं मात्र वाटलं नव्हतं. कॉलेजातून ती थेट त्या कारखान्यात गेली. अकरा वर्षं झाली.

पहिल्याच वर्षी एकदा दुपारी फोन आला. "आई, मेला एकदाचा!"

मी गॅस बंद केला. "कोण ग?"

"आवाज! तीन आठवडे छळत होता."

त्यांच्या शेडमध्ये आकडा नियमाच्या खाली गेला की सगळे एका सुरात 'मेला!' असं ओरडतात म्हणे. घरी आल्यावर मी तिला चांगलंच फैलावर घेतलं, की असलं अभद्र फोनवर बोलू नये. तर तिचे बाबा म्हणाले, "तू दिवसातून चार वेळा म्हणतेस, मेला दूधवाला, मेला नळ. कोणी मेलं का आजवर?"

पण तिला आवाज मारायचा नव्हता, तीच तर खरी गोम. तिचं म्हणणं असं, की नियमाला ऐकू जाऊ नये आणि चालवणाऱ्याला जावं, इतपत काहीतरी शिल्लक ठेवता येतं. कुठेतरी खोल, छातीत जाणवेल असं. त्यासाठी ती पाइपाची लांबी बोटभर कमी-जास्त करायची, डब्यातले पडदे हलवायची आणि दिवसभर ऐकत बसायची. एका बंद खोलीत गाडी जागच्या जागी, चाकांखालच्या फिरत्या रोलरांवर धावते. चारी भिंतींना फोम. तिथे कानांवर संरक्षणाचे ते जाड डबे घालणं सक्तीचं असतं. शेडमधले लोक त्यांना वाट्या म्हणतात. वाट्या घातल्या की आवाज येतो, पण त्यातलं बारीक काही कळत नाही. म्हणून जे खरे कानाचे, ते एक वाटी उचलतात. डाव्या हाताने डावी वाटी दोन बोटं वर करायची, मान पाइपाकडे न्यायची आणि ऐकायचं. हे तिला तिच्या मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे शेडचे जुने फोरमन. "यंत्र आकडा सांगतं," ते म्हणायचे, "आवाज कानच सांगतो."

मास्तर निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभाला आम्हीही गेलो होतो. ते भाषणाला उभे राहिले आणि इतक्या मोठ्याने बोलू लागले की पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून रडायला लागलं. जेवताना त्यांच्या पत्नी शेजारी बसून लोकांचं प्रत्येक वाक्य त्यांच्या कानात पुन्हा म्हणत होत्या. मी त्यांना विचारलं, "केव्हापासून?" त्या म्हणाल्या, "पन्नाशीच्या आधीपासून. दार वाजलेलं कळत नाही. नातवंडं बोलतात तेव्हा हे नुसते हसतात." 

परतताना गाडीत मी म्हटलं, "दोन्ही वाट्या घालत जा."

"हो ग आई."

"हो ग आई नको. घालतेस का?"

"दरवर्षी तपासणी होते आमची. काही झालं तर कळेल की."

दरवर्षी तपासणी व्हायची हे खरं, आणि ती पासही व्हायची. घरी मात्र फोन उजव्या कानाला गेला. जेवायच्या टेबलावर तिने माझ्याशी जागा बदलली. टीव्हीचा आवाज वाढला. डाव्या बाजूने हाक मारली तर उत्तर येत नसे, आणि समोर जाऊन विचारलं तर म्हणायची, "ऐकलं ग, उत्तर द्यायचं राहिलं." मी हे सगळं पाहत होते. तिचे बाबा म्हणाले, "तू विचारून विचारून तिला खरंच आजारी पाडशील." मी विचारणं सोडलं. कानाडोळा कशाला म्हणतात ते मला नंतर कळलं असं मी म्हणते, पण तेव्हाही मला कळत होतंच.

या वर्षी नवी गाडी तयार झाली. तिच्या आवाजाच्या कागदावर माझ्या मुलीची सही होती: 'आवाज मान्य.' पुढच्या सोमवारपासून गाड्या दुकानांत रवाना व्हायच्या होत्या. त्याआधी शुक्रवारी कारखान्याने घरच्या माणसांना बोलावलं. ज्याने त्याने आपल्या माणसांना आतल्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणायची. मी पुढे बसले, हे मागे. ती चालवत होती. इतकी खुशीत मी तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"ऐक हं आता. तळाशी एक घुमार आहे. पायाने थोडासाच दाब दिला की येतो."

तिने पाय दाबला. घुमार आला, खरंच छातीत आला. पण त्याच्यावर, केसाइतकी बारीक, एक शिट्टी होती. कुठेतरी किटली ठेवून कोणी विसरून गेल्यासारखी.

"छानच आहे ग," मी म्हटलं. "पण ही शिट्टी कसली?"

"कसली शिट्टी?"

"ही काय. आता थांबली. बघ, आली पुन्हा."

तिने गाडी बाजूला घेतली. "बाबा, तुम्हाला येते?"

"मला काही नाही बुवा. पण मला हिचं बोलणंही तीस वर्षांत ऐकू आलेलं नाही."

ती हसली नाही. तिने इंजिन पुन्हा चढवलं. "आता?" "आहे." "आता?" "आता नाही." "आता?" मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रंग उतरला होता. कशाचं काय झालंय ते मला तिथे उमगलं, आणि मी म्हणाले, "नाही ग. भास झाला असेल. माझे कान काय, साठी उलटली."

 मग गाडी रस्त्यावर घेतली आणि उरलेली चक्कर तिने आवाजाबद्दल एक शब्द न काढता पुरी केली.

शनिवार-रविवार कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. तिला गप्प राहता आलं असतं. गाड्या गेल्या असत्या, तक्रारी आल्या असत्या, आणि दोष कशावरही ढकलता आला असता. बोलली तर पहिला प्रश्न हाच असणार होता, की मग सही करताना तुम्हाला शिट्टी ऐकू कशी आली नाही? कानावर अवलंबून असलेली नोकरी कानामुळेच जाणार. "थोडं थांब," मी म्हटलं, "आधी बाहेरच्या डॉक्टरांना दाखवू." ती म्हणाली, "सोमवारी गाड्या निघतात, आई."

सोमवारी सकाळी ती शेडमध्ये गेली आणि तिच्या हाताखालच्या दोघांना तिने गाडीत बसवलं. हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, एखाद्या परक्या बाईबद्दल सांगावं तसं.

"शिट्टी येते का रे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "येते की, ताई."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही ठेवलीत. गिऱ्हाईक सारखं म्हणतं, आवाज नाही, आवाज नाही. म्हटलं, ताईंनी टर्बो मुद्दाम ऐकू दिलाय. तुमच्या कानातून सुटेल असं कसं वाटेल?"

आकडा मोजणाऱ्या यंत्रालाही ती शिट्टी खुपली नव्हती. एवढ्याशा बारीक आवाजाने आकडा हलत नाही. तेच म्हणायचे ना मास्तर, आवाज कानच सांगतो.

ती तशीच साहेबांकडे गेली. गाड्या थांबवा म्हणाली. का, ते सांगितलं. आणि कोणी विचारलं नव्हतं तरी हेही सांगितलं, की कानांच्या तपासणीच्या खोलीत नर्स आवाज ऐकवायला बटण दाबते तेव्हा तिच्या हाताची सावली काचेत दिसते, आणि गेली तीन वर्षं आपण ती सावली बघून हात वर करत होतो.  "मॅडम," साहेब म्हणाले, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच सांगितलं," ती म्हणाली.

खरी तपासणी झाली. डाव्या कानातले वरचे, बारीक आवाज गेलेले आहेत, ते परत येणार नाहीत. उजव्या कानालाही सुरुवात आहे. आणखी नुकसान नको असेल तर त्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, सावकाश आणि समोर बघून बोलत होत्या. तेच मला सहन होईना.

साहेबांनी तिला काढलं नाही. वरच्या मजल्यावर नवा विभाग आहे, तिथे बसवलं. पाइपातून जो आवाज येत नाही तो गाडीच्या आत स्पीकरमधून ऐकवायचा, असं तिथलं काम. जुन्या इंजिनांचे आवाज पडद्यावर रेघांसारखे दिसतात, त्या रेघा जुळवायच्या. कान लागत नाही, असं साहेबांनी तिला धीर द्यायला सांगितलं. अकरा वर्षं ती या स्पीकरवाल्यांना नाटकवाले म्हणत आली होती.

शिट्टीचं कारण दोन दिवसांत सापडलं. टर्बोजवळच्या सांध्यात एक पातळ पॅकिंग असतं, त्या खेपेच्या पॅकिंगची कड जराशी आत आली होती. बदललं. खाली शेडमध्ये तिचा शेवटचा दिवस होता त्या शुक्रवारी साहेबांनी मलाही बोलावलं. ज्यांनी पकडलं त्यांनीच बघावं, असं म्हणाले, थट्टेतच. मी पुढे बसले. मागे तिच्या हाताखालच्या दोघांतला मोठा, ज्याची आता कागदावर सही होणार होती, तो बसला. तिने त्याच रस्त्यावर गाडी घेतली आणि पाय थोडासाच दाबला.

"आई, आता?"

घुमार तेवढा होता. वर काही नव्हतं. "नाही," मी म्हटलं. "गेली."

"नक्की?"

"नक्की ग. अजिबात नाही."

तिने आरसा हलवला आणि आरशातून मागच्या माणसाकडे पाहिलं. त्याने मान हलवली, नाही म्हणून. तेव्हा तिने पाय काढला.

शेडपाशी आल्यावर तिने त्याला कागद दिला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी गाडीला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला, ऐकू जाईल अशा बाजूला आले. बसथांब्यापर्यंत आम्ही चालत गेलो.