मालक कोण, ते आधी ठरवा!

सर्व्हेचं असं असतं बघा, भरलेले फॉर्म ऑफिसात जातात आणि रकान्यात न मावलेलं सगळं आपल्याजवळ साठत राहतं. मी आणि माझा सहकारी मंगेश पेण-रोह्याच्या गावांतून घरोघरी फिरतो. सरकारी योजना मिळायला लागल्यापासून घरात काय वस्तू आल्या, जनावरं किती वाढली, एवढंच विचारायचं. एवढंच!

गडब गावात मंगेशने एका आजोबांना विचारलं, "कोंबड्या किती?"

"सकालच्या सांगू का आताच्या?"

"म्हणजे?"

"मधी मुंगूस येऊन गेलं ना!"

निडी गावात एका बाईने योजनेच्या पैशातून शेळी घेतली होती. फॉर्मवर 'मालक कोण?' असा रकाना. नवरा छाती काढून म्हणाला, "मीच!"

बाई परसात गेली, शेळी सोडून आणली आणि दोरी नवऱ्याच्या हातात दिली. "मालक, चरवून आना."

बाहेर रणरणतं ऊन! नवरा मला म्हणाला, "मॅडम, हिचंच नाव लिवा."

फ्रिज दिसला तर योजनेतून नाव कापतात, अशी आवई एका वाडीत उठलेली. तिथल्या एका काकींच्या घरात कोपऱ्यात काहीतरी उभं, वर जुनं लुगडं पांघरलेलं.

"हे काय?"

"कपाट हाय."

तेवढ्यात कपाट घरघरायला लागलं. मंगेश गंभीरपणे म्हणाला, "काकी, कपाटाला हुडहुडी भरली वाटतं!"

आम्ही नावं कापणारे नाही, हे पटवायला अर्धा तास लागला. मग कपाटातलंच गार कोकम सरबत मिळालं!

रोह्याकडच्या एका पाड्यावर एकट्या राहणाऱ्या आजी. निराधार पेन्शन सुरू झालेली, पण घरकुलाच्या यादीत तीन वेळा अर्ज करूनही नाव नाही. कुडाच्या खोलीत दोन भांडी, एक घोंगडी आणि मधोमध लाल प्लॅस्टिकची नवीकोरी खुर्ची. पेन्शनीतून घेतलेली वस्तू तेवढीच. आजी स्वतः जमिनीवर बसलेल्या.

"आजी, खुर्चीवर तुम्ही बसत नाही?"

"माझ्यासाटी नाय गो ती. सायब येतात, दारातच उभं ऱ्हातात आन उभ्या उभ्याच जातात. तू बस."

मी बसले.

आजींनी उठून दाराला आतून कडी घातली. "बसलीस ना? आता ऐक."