ढब्बूला घेऊन आयर्लंडला

आयर्लंडला येऊन आम्हाला आता वर्ष होत आलं. मैत्रिणी फोनवर विचारतात, "अगं, तिकडचे किस्से सांग ना!" इथे कसले किस्से घडणार? पाऊस पडतो, लोक एकमेकांना सॉरी म्हणतात आणि सहा वाजता दुकानं बंद! किस्से घडले ते निघायच्या आधी, आमच्या गावी, पिंपळवंडीत. एक सांगायला घेतला की दुसरा आठवतो, दुसऱ्याच्या मधेच तिसरा घुसतो. इतके साठलेत की आता लिहूनच काढते.

आधी घरातली माणसं सांगते. मी नर्स, वय त्रेचाळीस. आमच्या ह्यांचं नारायणगावला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं. मुलगी सई, सातवीतली. मग सासूबाई. आणि ढब्बू, म्हणजे आमचा कुत्रा. शेजारीच मोठे दीर-जाऊ राहतात, त्यामुळे सासूबाईंची काळजी नव्हती. निदान आम्ही सगळ्यांना तसं सांगत होतो.

*

माझी आयर्लंडची नोकरी पक्की झाली त्या दिवशी ह्यांनी पेढे आणले. सासूबाईंनी पेढा हातात धरून पहिला प्रश्न विचारला, "तिकडं बिबट्या हाय का?"

"नाही हो आई. एकसुद्धा नाही!"

"मग कुत्रं कशाला नेताय?"

आमच्याकडे ऊस तिथे बिबट्या, त्यामुळे दारात कुत्रा लागतोच. बिबट्याने नरडं धरू नये म्हणून ढब्बूच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टासुद्धा होता. म्हणजे प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर सईने दिलं. "ढब्बू येणार नसेल तर मी पण येणार नाही!"

"मग ऱ्हा की," सासूबाई म्हणाल्या. "दोघंबी ऱ्हावा माझ्यापाशी."

झालं! त्या दिवसापासून आजी आणि नातीचं बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी दोघी माझ्यामार्फत मागायच्या.

*

आमच्या ह्यांनी सत्तेचाळिसाव्या वर्षी इंग्लिश बोलायला घेतलं. माझ्याशी बोलायची लाज वाटायची, सई चुका काढायची. मग दुकानातून आले की ओट्यावर बसून ढब्बूशी बोलायचे. "हॅव यू ईटन युवर डिनर?" ढब्बू जोरजोरात शेपूट हलवायचा.

"बघ! त्याला कळतंय म्हणजे माझे उच्चार बरोबर आहेत," हे मला म्हणाले.

सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. "त्याला म्या हाड म्हनलं तरी तो शेपूट हालीवतो," त्या म्हणाल्या.

हे बिचारे दोन दिवस ओट्यावर फिरकलेच नाहीत. मग पुन्हा सुरू केलं, पण गोठ्यामागे जाऊन.

*

ढब्बूच्या लसी, ओळखीसाठी कातडीखाली बसवायची चिप आणि कागदपत्रांसाठी मंचरच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. कुत्रा न्यायला सासूबाईंचा ठाम विरोध, पण गाडीत सगळ्यात आधी त्याच जाऊन बसल्या. "सुई टोचताना त्याला दुसरं कुनी धरायचं न्हाई," म्हणे.

डॉक्टरांनी विचारलं, "ब्रीड काय लिहू?"

"गावठी," हे म्हणाले.

"असं नाही चालत. काहीतरी नीट सांगा."

"पिंपळवंडीकर लिवा," सासूबाईंनी तोडगा काढला.

डॉक्टर हसले आणि त्यांनी 'मिक्स' लिहिलं. सासूबाईंना ते फार लागलं. नारायणगाव येईपर्यंत पुटपुटत होत्या, "मिक्स म्हनं! ह्याची आय मला ठावं, ह्याचा बाप मला ठावं. मिक्स कुठून आला?"

*

पुण्याहून विमानाचा पिंजरा आला. चांगला मोठा, प्लॅस्टिकचा, जाळीचं दार असलेला. टेम्पोवाल्याने तो अंगणात ठेवला आणि मी चहा टाकायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर निम्मी आळी जमलेली! शेजारचे बबनभाऊ सगळ्यांत पुढे.

"बिबट्या कुनीकडं दिसला, वयनी?"

"अहो, बिबट्या नाही..."

"फॉरेस्टवाल्यांनी लई बारका पिंजरा धाडलाय राव!" मागून कोणीतरी म्हणालं. "बछड्याचा असंल."

तेवढ्यात मागच्या आळीतल्या मावशी काखेत कोंबडी घेऊन हजर. "आमिषाला घ्या. पन बिबट्या गावल्यावं जिती असली तर माझी मला परत द्या!"

मी हात जोडून ओरडून सांगितलं, "हा पिंजरा ढब्बूसाठी आहे हो!"

बबनभाऊंनी ढब्बूकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"त्यानं काय केलं?"

*

खरी पंचाईत पुढेच होती. ढब्बू पिंजऱ्यात पाय ठेवेना! मंचरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आधीपासून सवय करा, जबरदस्तीने कोंबलंत तर प्रवासात घाबरून जाईल. आम्ही आत चिकन ठेवलं, बिस्किटं ठेवली. सईचं आत हात घालून रडून झालं. तो आपला लांब बसून बघायचा. ज्या गावात पिंजरा आला की कोणीतरी त्यातून कायमचं जातं, तिथला कुत्रा तो!

सासूबाईंना आनंद लपवता येत नव्हता. "त्याचं मनच न्हाई," त्या रोज म्हणायच्या. सईने तर बॅग भरणंच सोडून दिलं.

एक दिवस दुपारी मी ड्यूटीवरून लवकर घरी आले. अंगणात फक्त दोन पाय दिसले. सासूबाई कमरेपर्यंत पिंजऱ्यात! आणि त्यांच्या पुढ्यात, मागच्या भिंतीला अंग टेकवून, ढब्बू.

"आसं मागं सरून बसायचं," त्या त्याला सांगत होत्या. "भ्यायचं न्हाई. पोरगी एकली पडंल तिकडं. तिला कोन हाय?"

"आई, काय करताय?"

आतूनच उत्तर आलं, "काय न्हाई. पुसून घेतीय."

मग रोज दुपारी त्या पिंजरा पुसायच्या. 'ढब्या, ये रं' म्हटलं की तो आत जाऊन मागे सरकायचा आणि त्या डोकं आत घालायच्या. एके दिवशी सईने हे पाहिलं. ती पळत आली आणि आजीच्या पाठीवर पडून रडली. बोलणं सुरू झालं ते असं.

*

आयर्लंडला पोचलो. ढब्बू दोन दिवस धड जेवला नाही, पण सईला सोडून हललाही नाही. पिंजरा फार मोठा, ठेवायचा कुठे? म्हणून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला. तो त्याच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दिरांनी व्हिडिओ कॉल लावून दिला. सासूबाईंनी लेकाला पाहिलं न पाहिलं केलं, मला "जेवलीस का?" विचारलं, आणि मग हाक मारली, "ढब्या, ये रं!"

ढब्बू ताडकन उठला. त्याने फोनकडे पाहिलंच नाही. सरळ पिंजऱ्यात गेला, मागे सरकला, भिंतीला अंग टेकवलं आणि पुढची निम्मी जागा मोकळी ठेवून दाराकडे बघत बसला.

"कुठं गेला? दिसंना," सासूबाई म्हणाल्या.

सईने फोन पिंजऱ्यासमोर धरला. पलीकडे सासूबाईंनी डोकं फोनला अगदी चिकटवलं.

मग त्या म्हणाल्या, "सये, त्याचं दार लावू नगंस."